झाड मोठं होईपर्यंत घर चालवायचं कशावर?

पाऊस पडला की आपलं अर्धं इंदूर पातालपाणी नाहीतर चोरलकडे पळतं. धबधबा, सेल्फी, भुट्टे आणि येताना महूच्या ट्रॅफिकमध्ये चिडचिड. मीही त्यातलाच. गेल्या श्रावणात आई घसरड्याला घाबरली, म्हणून रस्त्यालगतच्या एका शेतावर थांबलो. बांधावर बांबू, सीताफळ, आवळा, दोन जुने मोह. सावलीत हळदीचे वाफे, मधे सोयाबीन. आईनं हळदीचं पान चुरगळून हुंगलं आणि म्हणाली, "पातोळ्या करायला हवीत गं बाई ही!"

मी शहाणपणानं शेतवाल्या काकांना म्हटलं, आणखी झाडं लावा की. ते हसले. "भिया, सागवान तो बीस बरस में पैसो देगो, छोरा की फीस तो हर महीने लगे."

घोडं पेंड खातं ते इथंच. देशाचं कृषिवनीकरण धोरण, म्हणजे शेतात पिकांसोबत झाडं वाढवण्याचं, 2014 सालचं. 2017 मध्ये वन कायदा बदलला, शेतातला बांबू कायद्याच्या लेखी 'झाड' राहिला नाही आणि तोड-वाहतुकीच्या परवान्यांची कटकट टळली. छान. पण बांबूची पहिली तोडणी चार-पाच वर्षांनी, कलमी आवळाही साधारण तेवढाच वेळ खातो. मधली वर्षं काढायची कशी?

मला वाटतं, तिथं आपला रविवार कामी यावा. शेतकऱ्यांनी माणशी पन्नास-शंभर रुपये घ्यावेत, बांधावरून फिरवावं, मोहाखाली दाल-बाफले वाढावेत. धबधब्यावर आपण फुकट हिंडतो आणि गावाला चिप्सची रिकामी पाकिटं देऊन येतो. कालाकुंड स्टेशनावरचा कलाकंद आठवा: दूध गावचं, द्रोण पळसाचा, पैसा गावातच. (एकरभर लॉन करून त्याला 'फार्म' म्हणणारे रिसॉर्टवाले यात धरत नाहीये.)

एक अडचण मात्र खरी आहे. आपल्याला हुक्की येते पावसाळ्यात, आणि काळ्या मातीत तेव्हाच पाय टाकू नये. बुटाला किलोभर चिखल लागतो तो लागतोच, वर बांध खचतो. जायचं ते होळीच्या आसपास, पळस फुललेला असताना. किंवा चैत्रात, भल्या पहाटे मोहाची फुलं वेचायला. इंदूरकर रविवारी पोह्यांच्या आधी उठतील का, हा प्रश्न वेगळा.

काकांनी पैसे घेतले नाहीत. उलट हळदीची पानं बांधून दिली. फाल्गुनात आम्ही चार-पाच घरं पुन्हा जाणार आहोत, या वेळी पैसे आधीच ठरवून. यायचं असेल तर कळवा. स्पीकर आणणाऱ्यांनी कळवू नये.