मंडळ सरकारचं नसतं

गेल्या पंधरवड्यात हा मेसेज मला सहा वेगवेगळ्या ग्रुपवर आला. सहावा ग्रुप आमच्या ग्रामविकास मंडळाचा होता, आणि मेसेज टाकणारे आमचे माजी खजिनदार. मी त्यांना दादा म्हणतो. दर गणपतीला आमच्या घरी आरती त्यांच्याच आवाजात सुरू होते. म्हणून हा मेसेज वाचून सोडून देता आला नाही.

मेसेज थोडक्यात असा : घटनेतले हक्क माणसांना आहेत, संस्थांना नाहीत. सरकारने नोंदवली म्हणून संस्था जन्माला येते, त्यामुळे सरकारला ती कधीही बंद करता येते. सुप्रीम कोर्टाने 2022 साली तसा निकालच दिला आहे. परदेशी पैशावर कोर्टात जाणाऱ्या संस्थांनी कोकण मागे ठेवलं. सरकारविरुद्ध कोर्टात जाणं म्हणजे देशद्रोह.

आधी आमच्या मंडळाबद्दल. देवगड तालुक्यातलं गाव, आणि परळच्या एका खोलीत महिन्यातून एकदा चाकरमान्यांची सभा. वर्गणीतून शाळेचे पत्रे बदलले, पाणंद दुरुस्त केली. मंडळाची सगळी मालमत्ता एका पत्र्याच्या ट्रंकेत मावते. त्यात दोन दाखले आहेत : एक 1860 च्या सोसायटी नोंदणी कायद्याखालचा, दुसरा 1950 च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखालचा, 'एफ' अक्षराने सुरू होणाऱ्या नंबराचा. दुसऱ्याची घडी पडून मधोमध चीर गेली आहे, ती कुणीतरी पारदर्शक पट्टीने जोडली आहे. त्याच ट्रंकेत एक निवेदनही आहे, कधीच न दिलेलं. चिरेखाणीचे ट्रक शाळेचा रस्ता उखडतात म्हणून ते लिहिलं होतं. सह्या करायच्या दिवशी कुणी तरी म्हणालं, "नोंदणी काढून घेतील." सगळे गप्प झाले आणि कागद ट्रंकेत गेला. असे मेसेज नेमकी ही भीती पसरवतात, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

"हक्क माणसांना, संस्थांना नाहीत." यातलं अर्धं खरं आहे. कलम 19 मधलं स्वातंत्र्य 'नागरिकांना' आहे आणि कंपनी ही नागरिक नव्हे, असं सुप्रीम कोर्टाने 1963 साली स्टेट ट्रेडिंग कॉर्पोरेशनच्या खटल्यात म्हटलं. पण कोर्ट तिथे थांबलं नाही. 1970 चा बँक राष्ट्रीयीकरणाचा आणि 1972 चा वृत्तपत्र कागदाचा खटला, दोन्हींत भागधारकांनी आपले स्वतःचे हक्क पुढे केले आणि कोर्टाने ते ऐकले. संस्थेवर घाव घातला की आतल्या माणसांना लागतो, इतकी साधी ही गोष्ट आहे. शिवाय कलम 14 मधली समानता नागरिकापुरती नाही. ती 'कोणत्याही व्यक्तीला' आहे, आणि कायद्याच्या नजरेत संस्था ही व्यक्ती असते.

आणि कलम 19(1)(ग) तर एकत्र येण्यासाठीच आहे. तिथे संघ आणि संघटनांबरोबर 'सहकारी संस्था' हे शब्द 97 व्या घटनादुरुस्तीने घातले, ते 2012 पासून लागू आहेत. त्या दुरुस्तीतला राज्यांच्या सहकारी संस्थांच्या कारभाराचा भाग सुप्रीम कोर्टाने 2021 साली रद्द केला, पण कलम 19 मधले हे शब्द जागेवर आहेत. आपल्या बंदरावरची मच्छीमार सोसायटी, जिच्या चिठ्ठीवर डिझेल मिळतं, ती या शब्दांत बसते.

"सरकारने नोंदवली, सरकार बंद करणार." सगळ्यात घातक वाक्य हेच. नोंदणी म्हणजे माणसं आधीच एकत्र आली आहेत याची सरकारदप्तरी घेतलेली नोंद. जन्मदाखला देणारा कारकून बाळाचा बाप होत नाही.

मार्च 1950. मद्रास सरकारने 'पीपल्स एज्युकेशन सोसायटी' ही संस्था बेकायदेशीर ठरवली. तिची नोंदणी 1860 च्याच कायद्याखाली होती, आमच्या ट्रंकेतल्या पहिल्या दाखल्यावर छापलाय त्याच. तिचे पदाधिकारी व्ही. जी. रो कोर्टात गेले. 31 मार्च 1952 ला सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठाने, ज्या कलमाखाली संस्था बेकायदेशीर ठरवली होती, ते कलमच रद्द केलं. कारण बघा : संस्था बेकायदेशीर आहे की नाही, हे सरकारच्या मताने ठरत होतं. न्यायालयीन चौकशी नव्हती. सल्लागार मंडळ होतं, पण त्याची वरवरची, बरीचशी एकतर्फी तपासणी न्यायालयीन चौकशीची जागा घेऊ शकत नाही, असं कोर्टाने बजावलं. महाराष्ट्र विधिमंडळाने जुलै 2025 मध्ये जनसुरक्षा विधेयक मंजूर केलं. त्यातही संघटना बेकायदेशीर जाहीर करण्याचा अधिकार सरकारला आहे आणि त्यातही सल्लागार मंडळ आहे. त्या विधेयकाबद्दल कुणाचं मत काहीही असो, बोलण्याआधी 1952 चा हा निकाल वाचावा अशी माझी कळकळीची विनंती आहे.

संस्था बंद न करता ताब्यात घेतली तर? अलाहाबादच्या हिंदी साहित्य संमेलनाबाबत संसदेने 1962 साली कायदा केला आणि संस्थेत नवे सभासद घुसवले. जुन्या सभासदांना त्यात काही बोलायला जागाच ठेवली नाही. 1971 मध्ये दमयंती नारंगा खटल्यात सुप्रीम कोर्टाने तो कायदा घटनाबाह्य ठरवला. आपण ज्यांच्याशी आपखुशीने एकत्र आलो त्यांच्याबरोबरच राहणं हाही एकत्र येण्याच्या हक्काचा भाग आहे, असं कोर्ट म्हणालं. उद्या आपल्या मंडळावर कुणी बाहेरची पंधरा माणसं आणून बसवली तर काय होईल, हे दादांना मी वेगळं सांगायची गरज नाही.

सरकारला मंडळावर काहीच अधिकार नाही, असं मी म्हणत नाही. हिशेब मागावा, ऑडिट बघावं. विश्वस्ताने पैसे खाल्ले तर 1950 च्या कायद्याच्या कलम 41 डी खाली त्याला काढताही येतं, पण आरोप सांगून आणि त्याचं ऐकून. हा कायदाही कसाला लागला होता : 1954 साली रतिलाल गांधी खटल्यात बराचसा टिकला, धार्मिक विश्वस्त संस्थांना जाचणारी काही कलमं गेली.

इथे फरक कळायला हवा. कायद्याने दिलेला अधिकार वेगळा आणि खुर्चीत बसलोय म्हणून वापरलेला अधिकार वेगळा. 1963 मध्ये मध्य प्रदेश सरकारने ठाकूर भरतसिंग यांना रायपूर जिल्ह्यातून बाहेर काढून झाबुआत राहायचा हुकूम दिला. चीन युद्धामुळे तेव्हा आणीबाणी लागू होती. ज्या कायद्यातून हुकूम निघाला त्याचं ते कलमच टिकण्यासारखं नव्हतं, तेव्हा सरकार म्हणालं, आमच्याकडे कार्यकारी अधिकार आहेतच. सुप्रीम कोर्टाने 1967 मध्ये ते मानलं नाही. माणसाचं नुकसान करणाऱ्या सरकारच्या प्रत्येक कृतीमागे कायद्याचा आधार लागतो. "नोंदणी काढून घेतील" म्हणणाऱ्याला आम्ही त्या दिवशी एवढंच विचारायला हवं होतं : कुठल्या कलमाखाली?

"2022 चा निकाल." हा निकाल खरा आहे आणि तो संस्थांच्या विरोधात गेला आहे. ते मी लपवणार नाही. 8 एप्रिल 2022 चा नोएल हार्पर खटला. परदेशी देणग्यांच्या कायद्यात, म्हणजे एफसीआरएमध्ये, 2020 साली बदल झाले : एका संस्थेने परदेशी पैसा दुसरीला द्यायचा नाही, तो पैसा स्टेट बँकेच्या नवी दिल्लीच्या मुख्य शाखेतच घ्यायचा. कोर्टाने हे बदल कायम ठेवले आणि परदेशी देणगी मिळणं हा कुणाचा निरपवाद हक्क नाही असं सांगितलं. संस्थेच्या पदाधिकाऱ्यांवर आधारकार्डाची सक्ती होती, तिथे मात्र पासपोर्टही चालेल अशी सवलत दिली. छोट्या संस्थांना मोठ्या संस्थांमार्फत मिळणारा पैसा यामुळे आटला. मला हा निकाल पटत नाही.

पण निकाल परदेशी पैशाबद्दल आहे. संस्था काढायचा, चालवायचा, बोलायचा, दाद मागायचा हक्क नाही असं त्यात कुठेही म्हटलेलं नाही. आमच्या मंडळात आलेला सगळ्यात लांबचा पैसा विरारचा आहे. आणि एफसीआरएबद्दलच त्याआधी दोन वर्षं, मार्च 2020 मध्ये, इन्साफ या संस्थेच्या खटल्यात कोर्टाने उलट बाजूचं ऐकलं होतं. बंद, हरताळ, रास्ता रोको, रेल रोको, जेल भरो, हे शब्द जसेच्या तसे नियमात होते, आणि त्या मार्गाने जाणाऱ्या संस्थेला 'राजकीय' ठरवून परदेशी देणगी बंद करता येत होती. पक्षीय राजकारणाशी संबंध नसताना लोकांच्या प्रश्नासाठी रस्त्यावर उतरणाऱ्या संस्थेला हा नियम लावता येणार नाही, असा निकाल झाला. मेसेज लिहिणाऱ्याने 2022 उचललं आणि 2020 गाळलं.

"संस्थांनी कोकण मागे ठेवलं." कोकण रेल्वेविरुद्ध गोवा फाउंडेशन हायकोर्टात गेली होती. 1992 मध्ये याचिका फेटाळली गेली आणि जानेवारी 1998 पासून गाडी पूर्ण मार्गावर धावते आहे. वाढवण बंदराविरुद्धच्या याचिका एप्रिल 2024 मध्ये फेटाळल्या गेल्या. कोर्टात जाणं म्हणजे काम बंद पाडणं असतं तर हे झालं नसतं. दुसरीकडे बॉम्बे एन्व्हायर्नमेंटल ॲक्शन ग्रुपच्या याचिकेवर मुंबई हायकोर्टाने सप्टेंबर 2018 मध्ये कांदळवन तोडणं म्हणजे जगण्याच्या हक्कावर घाला आहे असं ठरवलं आणि भोवती 50 मीटरचा पट्टा राखायला लावला. ओहोटीला आमच्या खाडीत उतरून बघा. कांदळाच्या मुळांत चिखलाला लागून बोटभर पिल्लं असतात, आणि कुर्ल्या पकडणाऱ्या बायका मुळं न दुखवता हात घालतात. ही याचिका नफ्यासाठी नव्हती.

"कोर्टात जाणं देशद्रोह." याला फार शब्द नकोत. दाद मागायचं कलम, म्हणजे आजचं कलम 32, घटनेचा आत्मा आणि हृदय आहे, असं बाबासाहेब आंबेडकर 9 डिसेंबर 1948 ला संविधान सभेत म्हणाले. त्यांचं मूळ गाव आंबडवे, आपल्याच कोकणातल्या मंडणगड तालुक्यातलं. आणि फेब्रुवारी 2020 मध्ये मुंबई हायकोर्टाच्या औरंगाबाद खंडपीठाने माजलगावच्या आंदोलनाच्या प्रकरणात, एखाद्या कायद्याला विरोध करतात एवढ्यावरून लोकांना देशद्रोही म्हणता येणार नाही, असं लिहून मनाई हुकूम रद्द केला.

हे सगळं मी परवा रात्री दादांना फोनवर सांगितलं. ते बराच वेळ ऐकत होते. मग म्हणाले, "ता निवेदन खंय ठेवलंस?"

ट्रंकेत आहे. रविवारच्या सभेला घेऊन जातो आहे. शाईपॅडही घेतलं आहे, कारण तिघी म्हाताऱ्या अंगठा लावतात.