फिशप्लेटला ग्रीस कधी लावलंत?

आमच्या सोसायटीच्या घरगुती गणपती सजावट स्पर्धेचा निकाल काल रात्री व्हॉट्सॲपवर आला. कल्पकता दहापैकी सात, पर्यावरणपूरकता आठ, स्वच्छता दोन. दोन! आणि पुढे शेरा: "मेहनत दिसते, परंतु सजावट धुळकट आहे. गंज, शेवाळ, डाग सणासुदीला टाळावेत."

अहो, ती धूळ मी लावलीये. हाताने. ट्रिपल झिरोच्या ब्रशने, डोळ्याला भिंग लावून, रात्री सगळे झोपल्यावर.

थोडक्यात सांगतो म्हणजे पुढचं कळेल. मला मॉडेल रेल्वेचा नाद आहे. हे वाक्य पुण्यात कुणापुढेही म्हणा, समोरचा लगेच म्हणतो, "अच्छा, ते कोथरूडच्या जोशींच्या म्युझियमसारखं का?" हो, तसंच. ते म्युझियम 1998 पासून आहे आणि तेव्हापासून पुण्यातल्या प्रत्येक मॉडेलवाल्याला हे एकच वाक्य ऐकावं लागतंय. तर यंदा मखराऐवजी मी गणपतीमागे एक स्टेशन उभं केलं. काल्पनिक, पण घाटाखालचं, साधारण 1985 सालातलं, पावसाळा नुकताच संपल्यावरचं. स्केल एचओ, म्हणजे 1:87, सगळं खऱ्याच्या सत्त्याऐंशीपट लहान. आमची मूर्ती एक फुटाची, त्या हिशोबाने बाप्पा साडेसव्वीस मीटर उंच झाले, पण देवाला कोण स्केल विचारतंय.

आता या छंदात गाडी विकत मिळते, रूळही विकत मिळतात, ते काही कौतुकाचं नाही. खरं काम म्हणजे आजूबाजूचा डोंगर, घरं, झाडं आणि त्या सगळ्यावरचं म्हातारपण. याला वेदरिंग म्हणतात. नवीन कोरं बनवायचं आणि मग पद्धतशीर बिघडवायचं. स्टेशनचं मंगलोरी कौलांचं छप्पर मी कार्डशीटच्या पट्ट्या कापून केलंय, आणि कौलं सगळी एका रंगाची नसतात म्हणून चार प्रकारच्या विटकरी रंगांत आलटून पालटून रंगवली. त्यावर मॅट वार्निश. मग आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बर्न्ट अंबरचा, म्हणजे गडद तपकिरी रंगाचा, अगदी पातळ वॉश, तो कौलांच्या खाचांत आपोआप जाऊन बसतो. अर्धवट सुकला की ओल्या ब्रशने वरून खाली ओढायचा, फक्त वरून खाली, कारण घाण पावसाच्या पाण्याबरोबर उतरते, ती आडवी जात नाही. मग हिरवे-काळे खडू सँडपेपरवर घासून त्याची पूड पन्हाळीच्या कडेला, जिथे ऊन पोचत नाही तिथे. शेवटी स्प्रे मारून पूड पक्की करायची असते, पण स्प्रे मारला की निम्मी पूड गायब होते आणि सगळी मेहनत फिकी पडते, म्हणून छपरावर मी मारला नव्हता. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

बाकी सामान काय, मिळेल तिथून. काथ्याचं गवत. बोहरी आळीतल्या काथ्याचे जे प्रकार मला माहीत आहेत ते माझ्या बायकोला साड्यांचे माहीत नसतील (हे वाक्य तिने वाचलंय, तिचं म्हणणं आहे की साड्या तरी कधी घेऊन दिल्यास). गोडाऊनचे सडके पत्रे म्हणजे स्वयंपाकघरातली ॲल्युमिनियम फॉइल, नालीदार दाबून फेरिक क्लोराइडमध्ये बुडवलेली. ते तपकीर गल्लीत मिळतं, सर्किट बोर्डवाले वापरतात. फॉइल आत गेली की फसफसून गरम होते, कडा कुरतडल्या जातात, योग्य क्षणी चिमट्याने काढून पाण्यात टाकली की अस्सल गंजका पत्रा. क्षण चुकला की काहीच उरत नाही. बेसिनवर त्याचा एक थेंब सांडलाय, तो डाग मात्र कशानेही जात नाही.

आणि माती म्हणजे चहाचा चोथा, वाळवून, चाळून. चोथा बिनसाखरेच्या चहाचाच हवा, पण आमच्या घरात चहा साखरेसकट उकळतात, त्यामुळे स्थापनेच्या आदल्या रात्री प्लॅटफॉर्म नंबर एकवर मुंग्या आल्या. पाच मिलिमीटरची मुंगी 1:87 मध्ये चांगली मांजराएवढी होते. तिकीट खिडकीपाशी मांजराएवढ्या मुंग्यांची रांग. असो.

तर परीक्षक आले. तिघं होते. कमिटीच्या एक मॅडम, हातात क्लिपबोर्ड. त्यांच्याबरोबर कुणाचा तरी सातवीतला मुलगा, फोटो काढायला. आणि "रेल्वेचा देखावा आहे म्हणून मुद्दाम आणलंय" असं सांगून सी विंगमधले काका. हे काका रेल्वेतून पीडब्ल्यूआय म्हणून रिटायर झालेले. परमनंट वे इन्स्पेक्टर. म्हणजे रूळ, स्लीपर (रुळांखालचे आडवे ठोकळे), खडी, गँगमन, मुकादम, ट्रॉली या सगळ्याचे मालक. मी खूश झालो. म्हटलं चला, यंदा तरी कुणीतरी जाणकार बघणार.

काकांनी गणपतीला नमस्कार केला, चष्मा बदलला, खिशातून स्टीलची पट्टी काढली. (घरी दर्शनाला जाताना पट्टी घेऊन जाणारा माणूस मी पहिल्यांदा बघितला.) वाकून रुळांमधलं अंतर मोजलं.

"साडेसोळा."

"हो काका, एचओचा गेज साडेसोळा मिलिमीटर असतो."

"गुणिले सत्त्याऐंशी करा."

मुलाने मोबाइलवर केलं. चौदाशे साडेपस्तीस.

"चौदाशे पस्तीस! अहो हा स्टँडर्ड गेज झाला. मेट्रोचा. आपला सोळाशे शहात्तर. दोनशे एक्केचाळीस मिलिमीटर कमी आहे. गाडी पडणार."

"पडत नाही काका, गाडीची चाकंही तेवढ्याच अंतरावर आहेत."

"म्हणजे गाडीपण चुकीची."

मी समजावलं, की जगभर एचओचा तयार रूळ हाच मिळतो, अस्सल ब्रॉडगेज करायचा तर सव्वाएकोणीस मिलिमीटरचा रूळ घरी हाताने घालावा लागेल, पॉइंट्स (गाडीचा रूळ बदलायचे सांधे) हाताने, प्रत्येक डब्याची चाकं बदलायची, तेवढं आयुष्य माझ्याकडे नाही. काकांनी शांतपणे ऐकलं आणि डायरी काढली. वर तारीख टाकली. "गेज टाइट," असं लिहिलं आणि खाली रेघ ओढली.

मग म्हणाले, "रुळाची लांबी किती धरलीये?"

"तेरा मीटर." हे मला येत होतं.

"मग एम प्लस सात. तेरा अधिक सात, वीस स्लीपर पाहिजेत एका रुळाला." आणि काका पट्टी लावून पंधरा सेंटीमीटरमधले स्लीपर मोजायला लागले, एकेकावर पट्टीचं टोक टेकवत. मॅडम घड्याळ बघत होत्या, त्यांना अजून दोन विंग करायच्या होत्या. "जास्त आहेत. तीन तरी जास्त आहेत. फुकटचा माल आहे का?"

"काका, ते परदेशी मापाने येतात..."

"खडी?"

खडीवर मी छाती फुगवली. दगडाची वाळू चहाच्या गाळणीतून तीनदा गाळून घेतलीये, आपल्याकडची पन्नास एमएमची खडी भागिले सत्त्याऐंशी म्हणजे अर्ध्या मिलिमीटरच्या थोडी वर, बरोबर तेवढीच. मग पाणी घातलेलं फेविकॉल ड्रॉपरने, त्यात भांड्याच्या साबणाचा एक थेंब, नाहीतर तो थेंब खडीवर नुसता गोळा होऊन बसतो, आत मुरतच नाही.

"म्हणजे खडी चिकटवलीये?"

"हो, हलत नाही."

"मग पॅकिंग कसं करणार?"

पॅकिंग म्हणजे स्लीपरखाली खडी ठोकून घट्ट बसवणं. मी गप्प. काकांनी लिहिलं.

"फिशप्लेट कुठेत?" म्हणजे दोन रूळ एकमेकांना जोडणाऱ्या लोखंडी पट्ट्या.

"आहेत ना, त्या बघा, मी प्रत्येक जॉइंटला..."

"या गंजल्यात."

"हो! बर्न्ट सिएना, वर थोडा ऑरेंज..."

"ग्रीस कधी लावलंत?"

यावर काय उत्तर देणार? मी कसनुसं हसलो. ते हसले नाहीत. म्हणाले, "वर्षातून एकदा फिशप्लेट उघडून ऑयलिंग ग्रीसिंग करायचं असतं. माझ्या सेक्शनमध्ये ही जॉइंटची अवस्था दिसली असती तर मुकादमाला मी तिथेच उभा केला असता." आणि माझ्याकडे असे बघत राहिले की मी नकळत हात मागे घेऊन सरळ उभा राहिलो. माझ्या घरात. माझ्या गणपतीसमोर.

मग त्यांची नजर प्लॅटफॉर्मच्या खांबाकडे गेली. तिथे जमिनीपासून दीड सेंटीमीटरच्या आत मी पानाच्या पिचकाऱ्या केल्या होत्या. परदेशातले मॉडेलवाले डिझेलचे ओघळ करतात, काजळी करतात, पण हा तपशील आपलाच. त्याचा लाल तीन दिवसांनी तपकिरी पडतो, कडेला जास्त गडद आणि मध्ये फिका, खाली बारीक शिंतोडे. ते शिंतोडे मी टूथब्रशचे केस अंगठ्याने उडवून केलेत, बाकी सगळं कागदाने झाकून.

"ही पिचकारी कोणी मारली?"

"मी मारली."

मॅडमनी पहिल्यांदा क्लिपबोर्डवरून मान वर केली. "तुम्ही? देवासमोर?"

"तसं नाही हो मॅडम, रंगाची आहे..."

मुलगा हसून हसून बेजार. काका मात्र गंभीर. "आमच्याकडे जनरल मॅनेजरचं इन्स्पेक्शन असलं की आठवडा आधीपासून दगडांना चुना, कडेला गेरू, किलोमीटर पोस्ट रंगवलेले, एक कागद दिसायचा नाही. स्टेशन दाखवायचं तर तसं दाखवा. हे कुठल्या दिवशीचं स्टेशन दाखवताय तुम्ही?"

"इन्स्पेक्शन नसलेल्या दिवशीचं."

इथे काकांनी माझ्याकडे जरा वेळ बघितलं. मला वाटलं आता हसतील. नाही हसले. "ते आम्हाला रोज दिसायचं," म्हणाले, आणि डायरीचं पान उलटलं.

आणि तेवढ्यात मॅडमनी ते केलं. स्टेशनच्या छपरावरून बोट फिरवलं, इकडून तिकडे, आणि ते बोट मला दाखवलं. तपकिरी-हिरवं. "बघा," म्हणाल्या. बस, एवढंच. "बघा."

कौलांवर आता एक स्वच्छ पट्टा आहे. स्केलने सव्वा मीटर रुंद. तिथली पूड परत बसवता येईल, येतेच, पण तीच छटा परत येत नाही, कारण ती कशी आली होती हे माझं मलाच माहीत नाही. याचा राग अजून गेलेला नाही, खरं सांगतो. मार्क गेले खड्ड्यात. दुसऱ्याच्या वस्तूला विचारल्याशिवाय बोट लावायचं आणि वर आपलंच बोट पुरावा म्हणून दाखवायचं?

कॅलिफोर्नियात जॉन ॲलन म्हणून एक माणूस होऊन गेला, 1973 साली वारला. मॉडेल रेल्वेत जुनाट, मळका, वापरलेला लूक आणायचं वेड लावणाऱ्यांमध्ये त्याचं नाव पहिल्या रांगेत येतं. त्याच्या लेआउटवर डबे शंटिंग करायला इंजिनाबरोबर एक स्टेगोसॉरस होता. डायनासोर! खुशाल डबे ढकलतोय. तो गेला आणि काही दिवसांतच आग लागून लेआउटही बहुतेक जळाला, पण फोटो आहेत, लोक आजही बघून शिकतात. त्याला कुणी विचारलं नसेल की डायनासोर कुठल्या डिव्हिजनचा.

आपल्याकडे मात्र जुनं म्हणजे घाण आणि घाण म्हणजे रंग द्या. जीआयपीच्या, म्हणजे ब्रिटिशांच्या वेळच्या रेल्वे कंपनीच्या, काळातली घडीव दगडाची स्टेशनं, त्या दगडाला जो काळसर हिरवा रंग यायला शंभर पावसाळे लागले, त्याच्यावर कुणीतरी डबा उघडून पिवळा ऑइलपेंट फासतो. दगडाला ऑइलपेंट! मग दोन वर्षांत त्याचे पोपडे निघतात, त्यावर परत रंग. आतला दगड ओलावा धरून बसतो ते वेगळंच. आणि हे सगळं "सुशोभीकरण" या नावाखाली. उलट खऱ्या पिचकाऱ्या, आमच्याच बी विंगच्या लिफ्टमधल्या, वर्ष झालं तशाच आहेत. त्यांना स्वच्छतेचे किती मार्क देणार? तिथे बोट फिरवून दाखवा की.

पहिलं बक्षीस कुणाला मिळालं सांगू? फायबरचा सोनेरी महाल. भाड्याचा. मागे एलईडीचा पडदा, रंग बदलणारा. मंडपवाल्याची दोन पोरं आली, तासाभरात लावून गेली. स्वच्छता दहापैकी दहा. असणारच, त्याला घाण व्हायला वेळच मिळालेला नाही. वैयक्तिक काही नाही हां, ते लोक चांगले आहेत, मोदक अप्रतिम होते.

तर रात्री मी ग्रुपवर लिहिलं की सदर धूळ ही कलाकृतीचा भाग असून स्वच्छतेच्या गुणांची फेरतपासणी व्हावी. सेक्रेटरींनी अंगठा टाकला. बत्तीस जणांनी "गणपती बाप्पा मोरया" टाकलं, ते माझ्या मेसेजला होतं की वरच्या आरतीच्या व्हिडिओला कळायला मार्ग नाही. मग साडेअकराला काकांचा मेसेज आला. लांबलचक, मुद्दे घालून. गेज टाइट, स्लीपर जादा, पॅकिंग अशक्य, फिशप्लेट दुर्लक्षित. खाली "पंधरा दिवसांत पूर्तता करून कळवावे". आणि सगळ्यात शेवटी, माझ्या अर्जाबाबत:

"स्टेशन अस्वच्छ आहे या परीक्षकांच्या मताशी मी सहमत आहे. तथापि इमारत, छप्पर व प्लॅटफॉर्म हे आमच्या खात्याकडे येत नाहीत. त्याबद्दल स्टेशन मास्तरला धरावे. परमनंट वेचे गुण कापू नयेत."