सोसायटीचा ग्रुप, निळ्या टिका आणि गृहीत धरलेली संमती

ठाण्यातील जुन्या सोसायट्यांना सध्या पुनर्विकासाचे वेध लागले आहेत. नौपाडा, पाचपाखाडी, वर्तकनगर, कोणत्याही भागात गेलात तरी एखाद्या इमारतीभोवती पत्रे लागलेले दिसतात आणि शेजारच्या इमारतीत त्याचीच चर्चा चालू असते. ही चर्चा पूर्वी गच्चीवर किंवा तळमजल्यावरच्या पार्किंगमध्ये खुर्च्या मांडून होत असे. आता ती सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर होते आणि पुष्कळदा तिथेच संपते. मला याची मनापासून काळजी वाटते. ग्रुपवर सूचना द्यावी, अडचण सांगावी, मदत मागावी. परंतु ज्या निर्णयामुळे माणसाला आपले घर सोडून दोन-तीन वर्षे भाड्याने राहावे लागणार आहे, तो निर्णय ग्रुपवर घेऊ नये, आणि तिथल्या मौनाला होकार तर मुळीच समजू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

आमच्या सोसायटीत जे घडले ते सांगतो. तीन विकासकांच्या प्रस्तावांची तुलना करणाऱ्या तक्त्याचा फोटो एका रात्री ग्रुपवर आला. त्याखाली एकच ओळ होती: ‘कोणाची हरकत असल्यास रविवारपर्यंत कळवावे.’ तक्ता इतका बारीक होता की बोटांनी मोठा करून पाहिला तरी चटईक्षेत्राचे आकडे नीट लागत नव्हते. पुढच्या दोन दिवसांत त्यावर वाढदिवसाच्या शुभेच्छा, सुप्रभात, पाण्याचा टँकर आणि कोणाची तरी हरवलेली किल्ली असा ढीग साचला. तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंना टाइप करता येत नाही, म्हणून त्यांनी व्हॉइस मेसेज पाठवला. काकांना अर्धांगवायू झाल्यापासून ते अंथरुणाला खिळून आहेत. लिफ्ट असलेली भाड्याची जागा जवळपास मिळेल का, आणि भाडे दरमहा मिळणार की वर्षाचे एकदम, एवढे दोनच प्रश्न त्यांनी विचारले होते. त्यावर एका सदस्याने जोडलेल्या हातांचे चिन्ह टाकले. उत्तर कोणीही दिले नाही. रविवारी रात्री मेसेज आला की कोणाचीही हरकत नसल्यामुळे आपण पुढे जात आहोत.

काकूंचे बोलणे कोणी मुद्दाम दुर्लक्षिले असे मी म्हणणार नाही. बहुतेकांनी ते ऐकलेच नसावे. लिहिलेली ओळ डोळ्यांखालून जाता जाता वाचली जाते. दोन मिनिटांचा आवाज मात्र थांबून ऐकावा लागतो, आणि लोकलमध्ये किंवा कचेरीत तो ऐकायचा राहून जातो. म्हणजे ज्या माणसाला लिहिता येत नाही, त्याचेच म्हणणे या माध्यमात सर्वांत आधी मागे पडते. उलट जो भरभर टाइप करतो, जो रात्री अकराला जागा असतो, ज्याच्या हाती दिवसभर फोन असतो, त्याचे मत बहुमतासारखे दिसू लागते.

‘सगळ्यांनी वाचले आहे, निळी टिक आली आहे’ हा युक्तिवाद मला नेहमी ऐकवला जातो. ग्रुपमध्ये निळी टिक सर्व सदस्यांच्या फोनवर मेसेज उघडला गेल्यावरच दिसते, हे खरे आहे. पण फोन उघडला होता, यापलीकडे ती काहीही सांगत नाही. तो काकूंनी उघडला की त्यांच्या नातवाने, मजकूर समजला की नाही, पटला की नाही, यांपैकी कशाचीही नोंद त्या टिकेत नसते. सभेत मात्र समोरच्याच्या कपाळावरची आठी दिसते, मागच्या रांगेतली कुजबुज ऐकू येते आणि अध्यक्षाला थांबून विचारता येते, ‘काकू, तुमचे काही म्हणणे आहे का?’

स्क्रीनवरच्या मजकुरातून बोलण्याचा सूर हरवतो, ही अडचण व्हॉट्सॲपने आणलेली नाही. अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठात १९८२ साली संगणकावरील सूचनाफलकावर कोणीतरी विनोद केला की इमारतीच्या लिफ्टमध्ये पारा सांडला आहे. काही जणांनी तो खरा इशारा समजला. तेव्हा १९ सप्टेंबर १९८२ रोजी स्कॉट फाह्लमन या संगणकशास्त्रज्ञाने सुचवले की विनोदापुढे दोन टिंबे, एक आडवी रेघ आणि एक कंस अशी हसऱ्या चेहऱ्याची खूण करावी. ज्यांचा रोजचा दिवस संगणकावर जात होता, जे एकाच विद्यापीठात वावरत होते, त्यांचीही नुसत्या अक्षरांवरून गफलत होत असे. मग लिफ्टच्या खर्चावरून आमच्याकडे दोन शेजारी वर्षभर अबोला धरतात, यात नवल वाटण्यासारखे काही नाही.

याहून गंभीर प्रश्न मतदानाचा आहे. नोव्हेंबर २०२२ पासून व्हॉट्सॲपवर पोल घेण्याची सोय झाली आणि अनेक कार्यकारिणींना ती फार सोयीची वाटली. परंतु महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० नुसार एका सभासदाला एकच मत असते, आणि ग्रुपमध्ये एकाच घरातले तिघे असतात, भाडेकरू असतात, फ्लॅट विकून गेलेले जुने सभासदही काही ठिकाणी असतात. विकासकाच्या नेमणुकीबाबत ४ जुलै २०१९ च्या शासन निर्णयात विशेष सर्वसाधारण सभा, त्या सभेचे चित्रीकरण आणि निबंधकांच्या प्रतिनिधीची उपस्थिती अशी तजवीज आहे, आणि ती विनाकारण केलेली नाही. कोणी काय बोलले, कोण हजर होते आणि कोणाच्या दबावाखाली कोण गप्प बसले, हे पुढे कोणालाही तपासता यावे, हाच तिचा हेतू आहे. ग्रुपवर तर २०१७ पासून पाठवलेला मेसेज सर्वांच्या फोनवरून काढून टाकता येतो. इतिवृत्ताच्या वहीतले पान असे गुपचूप नाहीसे करता येत नाही.

मी या साधनांच्या विरोधात नाही, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगतो. २०२० च्या टाळेबंदीत आमच्या इमारतीला याच ग्रुपने सावरले. दूध कोण आणणार, ऑक्सिमीटर कोणाकडे आहे, एकटे राहणाऱ्या आजोबांना दुपारचे जेवण कोण देणार, हे सगळे तिथे मिनिटांत ठरत असे. आजही शुक्रवारी पाणी येणार नाही ही सूचना ग्रुपवर आली की सगळ्या घरांत गुरुवारी रात्रीच पिंप भरले जातात. त्याच काळात शासनाने सोसायट्यांना ऑनलाइन सभा घेण्याची परवानगी दिली आणि पुण्यात, दुबईत असलेले सभासद अनेक वर्षांनी सभेत बोलताना दिसले. त्या पडद्यावर चेहरा होता, आवाज होता, बोलण्याची पाळी होती. पाणी बंद असल्याची बातमी एका दिशेने जाते, तिला ग्रुप पुरेसा आहे. संमती मात्र देणाऱ्याने स्वतःच्या तोंडाने किंवा सहीने द्यायची असते, आणि तिला वेळ लागतो.

वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरपूर्वी घ्यावी लागते आणि तिची सूचना चौदा दिवस आधी सभासदांना मिळावी लागते. या वर्षीच्या सभेसाठी मी कार्यकारिणीकडे लेखी ठराव दिला आहे. पुनर्विकास, मोठी दुरुस्ती आणि मासिक देखभाल शुल्कातील वाढ या तीन विषयांवर ग्रुपवरील प्रतिसाद किंवा त्याचा अभाव संमती म्हणून धरला जाऊ नये. अशा विषयांची कागदपत्रे मोठ्या अक्षरांत छापून प्रत्येक घरी पोचवावीत आणि पोचल्याची सही घ्यावी. जे सभासद आजारपणामुळे खाली येऊ शकत नाहीत, त्यांच्या घरी कार्यकारिणीच्या दोन सदस्यांनी जाऊन त्यांचे प्रश्न लिहून घ्यावेत आणि ते सभेत वाचून दाखवावेत, असे त्यात म्हटले आहे. ठाण्यातील किंवा नवी मुंबईतील ज्या मित्रांच्या सोसायट्यांत असाच प्रश्न उभा आहे, त्यांनी मला कळवावे. ठरावाचा मसुदा मी आनंदाने देईन, आणि तो समजावून सांगायला प्रत्यक्ष येण्याचीही माझी तयारी आहे.