गडाला आधी माणसं द्या

११ जुलै २०२५ ला आपले बारा किल्ले जागतिक वारसा यादीत गेले तेव्हा सगळ्यांच्या स्टेटसला तेच होतं, माझ्याही होतं, आणि ऊर भरून आला होता. अकरा महाराष्ट्रातले आणि बारावा तमिळनाडूतला जिंजी, जिथून राजाराम महाराजांनी मुघलांच्या वेढ्यातही राज्य चालवलं. पण तेव्हापासून गडांच्या विकासाचा विषय निघाला की पायऱ्या, रेलिंग, लायटिंग, पार्किंग एवढंच ऐकायला मिळतं. पायऱ्यांना माझा विरोध नाही, म्हाताऱ्या माणसांनाही गड बघता यायला पाहिजेच, पण त्याआधी प्रत्येक गडाला पायथ्याच्या गावातली बारमाही पगारावरची माणसं द्या.

कारण गड पडतो कसा ते बघा. तटाच्या सांध्यात पाखरांच्या विष्ठेतून पिंपळाचं बी पडतं, रोप कोवळं असतं तेव्हा ते हाताने उपटता येतं, फुकटात. ते कोणी उपटत नाही, मग मूळ आत शिरतं, सांधा उघडतो, पाणी मुरतं आणि एखाद्या पावसाळ्यात अख्खा बुरूज बसतो. मग लाखांचं टेंडर निघतं आणि लक्ष ठेवायला कोणी नसेल तर चुन्याच्या जागी सिमेंट भरलं जातं. चुना ओल बाहेर सोडतो, सिमेंट ती आतच कोंडतं, मग क्षार दगडात साठतात आणि दगडच झिजायला लागतो, आणि सिंधुदुर्ग, सुवर्णदुर्ग, खांदेरीसारख्या ठिकाणी तर खारा वारा चोवीस तास.

हे आपल्याला कोणी परदेशी तज्ज्ञाने येऊन सांगायची गरजच नाही. मराठा राज्याचे कारभारी रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात, म्हणजे राज्यकारभारावरच्या त्यांच्या ग्रंथात, सगळं लिहून ठेवलंय. गड बांधायच्या आधी पाणी बघा, एकाच झऱ्यावर विसंबू नका, तटावर वाढणारी झाडं वरचेवर काढा, केरकचरा वाटेवर पडू देऊ नका आणि गडाखालीही टाकू नका, जागच्या जागी जाळा आणि ती राख परसात घालून भाजीपाला करा. तीनशे वर्षांपूर्वीचा मॅनेजमेंट प्लॅन आहे हा! आणि ही कामं करायला गडावर माणसं नेमलेली असायची, गडाचा प्रमुख हवालदार, हिशेब बघणारा सबनीस, कोठारं बघणारा कारखानीस, प्रत्येकाची जबाबदारी ठरलेली.

आज? बारापैकी आठ किल्ले केंद्राच्या पुरातत्त्व खात्याकडे, साल्हेर, राजगड, खांदेरी आणि प्रतापगड राज्याच्या संचालनालयाकडे, कुठे भोवतालचं जंगल वनखात्याचं, वाट ग्रामपंचायतीची. म्हणजे तटावरचं रोप एकाचं, खालचा कचरा दुसऱ्याचा, आणि पावसाळ्यातल्या रविवारी लोहगडाच्या दरवाज्यात गर्दी अडकते तेव्हा नक्की कोणाला फोन करायचा हे गावातल्या पोरांनाही माहीत नसतं. दिवसाला किती माणसं वर सोडायची हे ठरवायलाच पाहिजे आणि पायथ्यालाच मोजून थांबवायला पाहिजे, कारण अर्ध्या वाटेवरून लोकांना परत पाठवणं जास्त धोक्याचं आहे.

पन्हाळ्याचं तर वेगळंच. तिथे गडावर गाव नांदतंय, नगरपरिषद आहे, आणि नामांकनाच्या वेळी लोक घाबरले होते की आता घराचे पत्रे बदलायलाही परवानगी लागणार. त्यांना अडाणी म्हणणाऱ्यांचा मला राग येतो. संरक्षित स्मारकापासून १०० मीटरपर्यंत नवं बांधकाम बंद आणि पुढच्या २०० मीटरवर निर्बंध, हा कायदा आधीपासून आहेच, तेव्हा भीती हवेतून आलेली नाही. कशाला परवानगी लागेल, कशाला नाही, किती दिवसांत मिळेल हे साध्या मराठीत छापून घराघरात द्या ना.

अजून एक, दुर्गसंवर्धनाच्या मोहिमांना जाणाऱ्या माझ्या मित्रांसाठी. तुम्ही सुट्टीच्या दिवशी घमेली उचलता, तुमच्याबद्दल आदरच आहे, पण टाक्यातला गाळ पुरातत्त्वाच्या माणसाशिवाय उपसू नका. त्या गाळात खापरं असतात, नाणी असतात, कुठल्या थरात काय सापडलं याची नोंद झाली नाही तर ती माहिती कायमची गेली. म्हणून म्हणतो, खात्याने गावातल्याच दहा-बारा पोरापोरींना हे शिकवावं, चुना मळायला, रोपं उपटायला, नोंद ठेवायला, आणि महिन्याच्या महिन्याला पगार द्यावा.

ज्यांच्या जिल्ह्यात यातला गड आहे त्यांनी गडाच्या संवर्धन आराखड्याची प्रत मागा. चुना मळायची घाणी कुठे बसणार, पावसाळ्याआधी तटावरची झाडं कोण काढणार, त्याच्या पगाराची तरतूद कुठल्या हेडखाली आहे, हे त्यात शोधा आणि नसेल तर ग्रामसभेत उभं राहून विचारा.