मधुमेही, चिखल आणि व्हॉट्सॲपवरचा जंतू

पावसाळ्यात फिरणारा मजकूर साधारण असा : ‘शुगरवाल्यांनो सावध! मातीतला नवा, परदेशी जंतू थेट रक्तात शिरतो. घरात एकाला झाला की सगळ्यांना होतो. त्यावर एकही अँटिबायोटिक चालत नाही. शेतात पाऊल टाकू नका.’

रोग खरा आहे. त्याचं नाव मेलिऑइडोसिस. मधुमेहींना त्याचा धोका इतरांच्या सुमारे बारापट, हेही खरं. साखर सतत चढलेली असली की जंतू गिळणाऱ्या पांढऱ्या पेशी ढिल्या पडतात. निम्म्याहून अधिक रुग्णांत जंतू रक्तात सापडतो. भीतीला आधार आहे तो एवढाच.

‘नवा, परदेशी’ : व्हिटमोर आणि कृष्णस्वामी या डॉक्टरांनी १९१२ मध्ये तो रंगूनमध्ये नोंदवला, आणि रंगून तेव्हा ब्रिटिश हिंदुस्थानातच होतं. थायलंड आणि उत्तर ऑस्ट्रेलियात तो नेटाने शोधतात, म्हणून तो तिथलाच वाटतो. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अंदाजानुसार जगात वर्षाला सुमारे १,६५,००० रुग्ण होतात, त्यातले ४४ टक्के दक्षिण आशियात. मणिपाल-उडुपीकडच्या डॉक्टरांना तो चांगला ओळखीचा आहे. गोव्यातही रुग्ण सापडले आहेत.

‘घरात सगळ्यांना होतो’ : नाही. माणसाकडून माणसाला लागण अतिशय दुर्मिळ. जंतू येतो तो ओल्या मातीतून आणि गढूळ पाण्यातून. रुग्णाचं ताट वेगळं काढून काही साधत नाही.

‘एकही अँटिबायोटिक चालत नाही’ : सगळ्यात घातक वाक्य हेच, कारण ते अर्धं खरं आहे. पेनिसिलिन, अँपिसिलिन, जेंटामायसिन यांना हा जंतू सहसा दाद देत नाही. मेडिकलमधून आपल्या मनाने आणलेल्या गोळ्यांनी तर बहुधा नुसता वेळ जातो. पण सेफ्टाझिडाईम किंवा मेरोपेनेम शिरेतून किमान दहा ते चौदा दिवस, आणि मग कोट्रायमॉक्साझोलच्या गोळ्या किमान तीन महिने, हा उपचार ठरलेला आहे. बरं वाटलं म्हणून गोळ्या मध्येच सोडल्या की रोग उलटू शकतो. थायलंडमध्ये सुमारे ४० टक्के रुग्ण दगावत आले, उत्तर ऑस्ट्रेलियात १० टक्क्यांच्या आसपास. औषधं जवळपास तीच. फरक पडतो तो लवकर निदानाने आणि अतिदक्षता विभागाने. आपल्याकडे घोडं इथेच अडतं. फुफ्फुसात डाग दिसला की टीबीची औषधं सुरू होतात, आणि कल्चरमध्ये, म्हणजे नमुन्यातला जंतू प्रयोगशाळेत वाढवून ओळखण्याच्या चाचणीत, तो वाढला तरी रिपोर्टवर कधीकधी नुसतं ‘स्यूडोमोनास’ हे दुसऱ्याच जंतूंचं नाव छापून येतं. अँटिबायोटिक सुरू झाल्यावर तर जंतू वाढेलच असं नाही, म्हणून रक्ताचं कल्चर शक्यतो अँटिबायोटिकच्या पहिल्या डोसाआधी घ्यायला हवं.

‘शेतात पाऊल टाकू नका’ : हे ऐन लावणीत कोकणात कुणाला सांगणार? गमबूट घाला, टाचांच्या भेगा आणि जखमा झाकून ठेवा, काम झालं की हातपाय साबणाने धुवा. चिखलातल्या कामानंतर तीनेक आठवड्यांत ताप आला, तर साखर आहे आणि चिखलात काम केलंय, या दोन्ही गोष्टी डॉक्टरांना त्यांनी न विचारताच सांगा.