पट्टी कुणाची, एकादशी कुणाची

ठाणे-नवी मुंबईतलं भजनी मंडळ हे गावातल्या मंडळासारखं नसतं. गावात परंपरा एक, चाली एक, आणि कोण कुठे बसणार हेही ठरलेलं. घोडबंदर रोडवरच्या एखाद्या क्लबहाउसमध्ये किंवा कोपरखैरण्याच्या समाजमंदिरात 20 माणसं जमली, की साताऱ्याकडचे माळकरी, डबलबारीवर (दोन बुवांच्या भजनाच्या सामन्यावर) वाढलेले कोकणी, आगरी-कोळी गावठाणातले मूळचे भजनी, अक्कलकोटचे, शेगावचे, दासबोधवाले, पारसिक टेकडीवर 10 दिवसांचं विपश्यना शिबिर करून आलेले आणि 'शनिवारी घरी बसून काय करायचं' म्हणून आलेले असे सगळे एकाच सतरंजीवर बसतात. पहिले काही महिने मजेत जातात. मग कुरबुरी सुरू होतात, आणि थोड्याच दिवसांत एका सोसायटीत दोन मंडळं दिसायला लागतात.

यातली बहुतेक भांडणं परंपरेची नसतातच, असं माझं ठाम मत आहे. ती स्वभावाची असतात, परंपरेचं नाव घेऊन उभी राहतात. आपला स्वभाव आपल्याला ओळखता आला नाही की आपण त्यालाच 'शास्त्र' म्हणतो. वेदान्तातलं आत्मज्ञान फार पुढची गोष्ट. गीतेच्या तिसऱ्या अध्यायात (श्लोक 33) सरळ म्हटलंय की ज्ञानी माणूससुद्धा आपल्या प्रकृतीप्रमाणेच वागतो, तिथे निग्रह काय करणार. मग शनिवारच्या हरिपाठाला येणाऱ्या आपल्यासारख्यांनी निदान ती प्रकृती कशी आहे एवढं तरी पाहावं.

पट्टीचंच बघा, म्हणजे पेटीच्या कुठल्या काळ्या किंवा पांढऱ्या पट्टीला 'सा' धरून गायचं, त्याचं. मिश्र मंडळात पहिली ठिणगी इथेच पडते. पुरुषांचा आवाज साधारण काळी एक-काळी दोनला खुलतो, बायकांचा काळी चार-काळी पाचला. काळी एक आणि काळी चार यांत षड्ज-पंचमाचं, म्हणजे सा आणि प यांचं, अंतर आहे. काळी चारला लावलं तर तार षड्जाला (वरच्या 'सा'ला) पुरुषांचे घसे फाटतात. काळी एकला लावलं तर ध्रुवपदाचे शब्द खर्जात जातात आणि बायका नुसते ओठ हलवतात. मग कुणीतरी समजूतदारपणे 'मधलं घ्या, पांढरी चार' म्हणतो, आणि दोन्ही बाजू बेताल नाही पण बेचव गातात. खरं तर हा गळ्याचा प्रश्न, शरीराचा. पण तो बोलला कसा जातो? 'यांना भक्तीपेक्षा गाणं दाखवायचंय', किंवा 'बायकांना पुढे येऊच देत नाहीत'. (दुसरं वाक्य पुष्कळदा खरंही असतं, ते वेगळं.)

उपाय साधा आहे. मधली पट्टी विसरा. हरिपाठ आणि पहिले दोन अभंग काळी एकला, पुरुषांनी सांगायचे. गौळण, भारूड आणि शेवटचा अभंग काळी चारला, बायकांनी सांगायचे. पुढच्या आठवड्यात क्रम उलटा. पेटीवाल्याला काहीच अडचण नाही. तबला काळी चारला लावला तर काळी चारवाल्यांसाठी तो षड्जात बोलतो आणि काळी एकवाल्यांसाठी पंचमात; दोघांनाही चालतो, मध्ये तो पुन्हा लावायला हातोडी घ्यावी लागत नाही. एकच सांभाळायचं: काळी एकच्या भागात मालकंस रागातली चाल घेऊ नका. मालकंसात पंचमच नाही, तबला सतत टोचत राहील.

एकादशीचं भांडण जास्त चिवट. वर्षातून काही वेळा दिनदर्शिकेत लागोपाठ दोन दिवस एकादशी दिसते, एक स्मार्त आणि एक भागवत. सकाळपासून ग्रुपवर सुरू: 'आज की उद्या? तुमचं चुकलंय.' कुणाचंच चुकलेलं नसतं. सूर्योदयापूर्वी 4 घटिका, म्हणजे 96 मिनिटं, हा अरुणोदयाचा काळ. सूर्योदय साडेसहाचा असेल तर अरुणोदय 4 वाजून 54 मिनिटांनी. त्या वेळी दशमी शिल्लक असेल तर भागवत परंपरेत ती एकादशी दशमीने विद्ध (दशमीचा वेध लागलेली) धरतात आणि उपवास दुसऱ्या दिवशी करतात. स्मार्त लोक अरुणोदयाचा हा वेध मोजत नाहीत. वारकरी भागवत एकादशी धरतात. म्हणजे भांडण आहे ते मोजायची सुरुवात कुठून करायची याचं, आणि दोन्ही मोजमापं जुनी, नियमांना धरून आहेत.

हा मतभेद मिटवायचाच नाही. सूचना लिहिणाऱ्याने फक्त 'स्मार्त एकादशी अमुक वारी, भागवत तमुक वारी, मंडळाचं भजन भागवत एकादशीला' असं लिहायचं. 'योग्य एकादशी' हे शब्द कटाक्षाने टाळायचे. फराळाचंही तसंच. काही घरांत वरी चालते, काही घरांत एकादशीला वरी म्हणजे धान्यच. कुणाला कोथिंबीर चालते, कुणाला नाही. प्रसादाला शेंगदाण्याचा लाडू किंवा केळी ठेवली की प्रश्न उरत नाही.

मग मासे. माळ घातलेला माणूस मांस-मासे सोडतो, तो त्याचा नेम. पण खाडीकाठच्या कोळीवाड्यात मासळी हे घरचं अन्नच नाही, पोटापाण्याचा धंदा आहे, आणि त्याच घरांतून भजनाच्या पिढ्या निघाल्यात. 'बुधवारी खाल्लं असेल तर वीणेला हात लावू नका' असं कुणी म्हणालं, तर तो आपला नेम दुसऱ्याच्या ताटावर लादतोय. मंडळाची हद्द मंडळाच्या प्रसादापर्यंत. त्यापलीकडे कुणाच्या घरी काय शिजतं हे विचारायचं नाही, आणि माळकऱ्याला 'अहो एकदा खाऊन बघा' म्हणून चिडवायचंही नाही. दुसरा भाग लोक विसरतात.

विपश्यनावाल्यांबद्दल एक गैरसमज सगळीकडे दिसतो. गजर रंगात आलाय आणि हा माणूस डोळे मिटून, ताठ, गप्प. लोकांना वाटतं, गर्विष्ठ आहे. त्या पद्धतीत आधी श्वासावर आणि मग अंगावरच्या संवेदनांवर लक्ष ठेवायचं असतं. शिबिरापुरता जप, मंत्र, पूजा बाजूला ठेवायला सांगतात, कारण नाम मिसळलं की मन नामावर एकाग्र होतं आणि संवेदना बघायचं काम राहून जातं. शिबिरातून नुकत्याच आलेल्या माणसाला सगळीकडे तेच करावंसं वाटतं. उलट, त्यानेही लक्षात घ्यावं की टाळ वाजत असताना मधोमध मौन धरून बसणं म्हणजे पंगतीत बसून उपास करणं. कडेला बसावं. 90 मिनिटांच्या कार्यक्रमात सुरुवातीची 10 मिनिटं शांत बसायला द्या, 35 मिनिटं हरिपाठ, 20 अभंगांना, 15 निरूपणाला, उरलेली आरती आणि पसायदानाला. मौनवाल्याला त्याची 10 मिनिटं हक्काची मिळाली की तो पुढची 35 टाळही धरतो.

जाता जाता, हरिपाठ 27 अभंगांचा की 28 यावरही दोन जण हमखास भिडतात. 28व्या अभंगातच 'अठ्ठावीस' असा आकडा आलाय, आणि तरी कित्येक पोथ्या 27वर थांबतात. ज्या प्रतीच्या जास्त पुस्तिका मंडळात आहेत ती म्हणा आणि पुढे चला.

आता मूळ मुद्दा, स्वतःकडे बघण्याचा. दासबोधात दुसऱ्या दशकाचा पहिला समास मूर्खलक्षणांचा आणि दहावा पढतमूर्खाचा. मधल्या समासांत रज, तम, सत्त्व, सद्विद्या, विरक्ती असं सगळं चांगलं-वाईट सांगून झाल्यावर समर्थ पढतमूर्खाकडे येतात, म्हणजे इतकं शिकूनही मूर्ख राहण्याची सोय आहे. हे समास सामुदायिक वाचायला घेतले की गंमत बघा: प्रत्येकाच्या डोळ्यांसमोर दुसराच कुणीतरी येतो. माना डोलतात, कोपरखळ्या बसतात. म्हणून हे दोन समास एकट्याने वाचावेत, हातात पेन्सिल घेऊन, आणि खूण फक्त स्वतःला लागू पडणाऱ्या ओवीवर करावी. एकही खूण झाली नाही तर पढतमूर्खाचा समास पुन्हा पहिल्यापासून.

दुसरी रीत वहीची. दर आठवड्याला कार्यक्रमावरून घरी आल्यावर 10 मिनिटं, सलग दोन महिने. पानावर चार रकाने: आज कुणाचा राग किंवा कंटाळा आला, नेमकं काय घडलं, अंगात कुठे जाणवलं (जबडा, छाती, पोट), आणि त्या माणसाने कुठला नियम मोडला असं वाटलं, तो नियम आपल्याला कुणी दिला. घोळ होतो तो दुसऱ्या रकान्यात. तिथे लोक लिहितात, 'मुद्दाम उशिरा आल्या'. 'मुद्दाम' डोळ्यांना दिसत नाही. '7 वाजून 10 मिनिटांनी आल्या' हे दिसतं. ट्रान्स हार्बर मार्गावरच्या लोकल उशिरा धावत असल्या तर ऐरोलीहून ठाण्याला येणारा माणूस उशिराच पोचतो, हेही मग आठवतं. आठ नोंदी झाल्या की पहिले तीन रकाने झाकायचे आणि फक्त चौथा वाचायचा. माणसं वेगवेगळी, प्रसंग वेगवेगळे, पण नियम एक-दोनच पुन्हा पुन्हा आलेले असतात. कुणाचा वेळेचा, कुणाचा सोवळ्या-शुद्धतेचा, कुणाचा 'मला विचारलं नाही'चा. हा शेवटचा जास्त आढळतो, आणि वर्षानुवर्षं सेवा केलेल्यांत जास्त. गीतेच्या तेराव्या अध्यायातल्या ज्ञानाच्या लक्षणांत अमानित्व (मानाची हाव नसणं) सगळ्यांत पहिलं का, ते तिथे कळतं.

ही वही कुणाला दाखवायची नाही. दाखवली की आपण आपली कबुली सजवायला लागतो. आणि याहून वाईट म्हणजे दुसऱ्याचा चौथा रकाना आपण भरायला लागणं: 'तुमचा ना, मानाचा प्रश्न आहे.' स्वतःला ओळखायचं साधन दुसऱ्याला मारायला वापरलं की मंडळात पूर्वीपेक्षा जास्त विष पसरतं. अर्धवट आत्मपरीक्षण केलेला माणूस काहीच न केलेल्यापेक्षा त्रासदायक असतो, हे अनेक मंडळांचं दुखणं आहे.

स्वभाव कळला की त्याला काम द्यायचं, उपदेश नाही. दासबोधाच्या चौथ्या दशकात श्रवणापासून आत्मनिवेदनापर्यंत नऊ भक्तींचे नऊ समास आहेत. सगळ्यांनी एकच करावी असं तिथेही नाही. वेळेवरून चिडणाऱ्याकडे घड्याळ आणि घंटा द्या, निरूपणाच्या 12व्या मिनिटाला वाजवायला. मात्र तोच निरूपण करणारा नसावा. शुद्धतेची काळजी असणाऱ्याकडे पूजेची तयारी आणि प्रसाद. चारचौघांत बोलायला लाजणाऱ्याला पुस्तिका वाटायला आणि नव्या माणसाला जागा दाखवायला द्या. सतरंजीवर पहिल्यांदा येणाऱ्याला त्याचाच सगळ्यांत मोठा आधार वाटतो. आणि ज्याला विचारलं नाही म्हणून राग येतो, त्याला खरंच विचारा. त्यात आपलं काय जातं?

एवढं सगळं स्वीकाराच्या बाजूने बोलल्यावर दुसरी बाजू सांगायलाच हवी. 'मतभेद स्वीकारा' हे वाक्य ज्यांच्या हातात पैशाच्या पेटीची किल्ली असते त्यांना फार आवडतं. पैशाचा हिशेब हा मतभेद नाही. दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी जमा, खर्च, शिल्लक वाचून दाखवायची, दोघांच्या सह्यांनी. हिशेब मागणाऱ्याला 'तुम्ही अजून अहंकारात आहात' असं कुणी सुनावलं तर अहंकार कुठे आहे ते उघड आहे. जातीवरून कुणाला आरतीपासून लांब ठेवणं ही परंपरा नव्हे. पाळीच्या दिवसांत यायचं की नाही हे त्या बाईने ठरवायचं, कमिटीने नाही. गुरुचरित्र बायकांनी वाचावं की नाही यावर परंपरांत दोन मतं आहेत. ज्या बाईला वाचायचंय तिने वाचावं, जिला नाही तिने नुसतं ऐकावं, पण एकीने दुसरीला पाप सांगू नये. आणि कुणी साधनेच्या नावाखाली मधुमेहाच्या गोळ्या बंद करायला सांगत असेल तर तिथे गप्प बसणं हा समंजसपणा नाही, तो त्या माणसाच्या जिवाशी खेळ आहे.

मंडळाबाहेरच्यांचाही विचार करा. रात्री 10 ते सकाळी 6 उघड्यावर लाउडस्पीकर चालत नाही, आणि निवासी भागात आवाजाची मर्यादा दिवसा 55 डेसिबल, रात्री 45. रबाळ्याच्या कारखान्यातून रात्रपाळी करून आलेला शेजारी सकाळच्या काकडआरतीला वैतागला तर तो नास्तिक नाही, झोपलेला आहे.

सगळं करूनही कुणीतरी निघून जातंच. जाऊ द्यावं, फक्त नीट. टाळ, पुस्तिका, किल्ली यांची देवघेव दोघांसमोर व्हावी, वर्गणीचा हिशेब त्याच दिवशी पुरा करावा, ग्रुपवर कारणांची चर्चा नको. त्याचं नाव ग्रुपमधून निघालं तरी मंडळाच्या वहीतल्या पत्त्यांच्या यादीतून काढू नका. आषाढीची दिंडी सोसायटीतून निघेल तेव्हा पहिलं आमंत्रण त्याच्या घरी द्यायला जा. फोनवर नाही, दोघांनी मिळून, हातात बुक्क्याची डबी घेऊन.