तुला तिकडे बसून बोलायला काय जातंय

गणपती झाल्यापासून आमच्या फॅमिली ग्रुपवर एकच विषय चालू आहे. माझ्या भाचीसाठी स्थळं बघायला लागलेत, आणि तिला 19व्या वर्षी कॅन्सर झाला होता हे मुलाकडच्यांना सांगायचं की नाही. आता ती 26 ची आहे, पुण्यात नोकरी करते, स्वतःचं भाडं स्वतः भरते, पण हा निर्णय दादा, वहिनी, काका, मोठी आत्या आणि आत्याचा वकील नातू मिळून घेणार.

दादाचं म्हणणं, बरी झाली ना, पाच वर्षं कधीच उलटून गेली, मग नसतं उकरून कशाला काढायचं, अंगावर काही दिसतंय का. खरं तर दिसतं. कॉलरबोनच्या खाली केमोच्या पोर्टची (औषध सोडायला कातडीखाली बसवतात त्या डबीची) बोटभर खूण आहे, पण "ती ब्लाऊजच्या आत जाते" असं वहिनीने लगेच लिहिलं, म्हणजे तेवढा विचारसुद्धा करून झालाय. आत्याचं उलट, सांगायलाच पाहिजे, उद्या बाहेरून कळलं तर पोरीला परत माहेरी आणून सोडतील. तिच्या नातवाने हिंदू विवाह कायद्याचं कलम 12 टाकलं, महत्त्वाची गोष्ट लपवून लग्न केलं तर ते फसवणूक म्हणून कोर्टातून रद्द करून घेता येतं, कळल्यापासून वर्षभरात. त्यावर काकांचा हात जोडलेला इमोजी. मग अर्धा दिवस शांतता, मग परत दादा.

मी फक्त एवढंच लिहिलं की तिला स्वतःला कोणी विचारलंय का. तर वहिनीचं उत्तर आलं, "तुला तिकडे बसून बोलायला काय जातंय." त्याला चार जणांनी अंगठे दिले. त्यातला एक ताईचा, म्हणजे मुलीच्या आईचा, माझ्या सख्ख्या बहिणीचा.

बरं, मी तिकडे बसलेय ते बसलेय, मग तिकडचंच सांगते. इथे इंग्लंडात, लीड्समध्ये माझ्या ऑफिसातल्या एका बाईच्या 20 वर्षांच्या मुलाला टेस्टिक्युलर, म्हणजे वृषणाचा, कॅन्सर निघाला. तिने आम्हाला सांगितलं ते किचनमध्ये, केटल उकळायची वाट बघताना, आवाज खाली न आणता. महिनाभरात त्याच्या मित्रांनी डोकी भादरून टीनएज कॅन्सर ट्रस्टसाठी पैसे गोळा केले. ही संस्था 1990 पासूनची, लंडनच्या मिडलसेक्स हॉस्पिटलात त्यांनी पहिला वॉर्ड काढला, खास या वयाच्या पोरांसाठी, कारण या वयाचं त्रांगडं असं की लहान मुलांच्या वॉर्डात भिंतीवर जिराफ असतात आणि मोठ्यांच्या वॉर्डात शेजारच्या कॉटवर ऐंशीचे आजोबा कण्हत असतात, आणि मधल्या पोराला दोन्हीकडे अवघडल्यासारखं होतं. तर त्या मुलाच्या वॉर्डात पूल टेबल होतं, टोस्टर होता, रात्री दोनला पिझ्झा मागवला तरी कोणी ओरडत नव्हतं. ते राहू दे. मला लक्षात राहिलं ते वेगळंच. केमो सुरू व्हायच्या आधी नर्स आली आणि आईला म्हणाली, तुम्ही जरा बाहेर थांबता का. मग मुलाशी एकट्याशी बोलली की केमोनंतर मूल व्हायला अडचण येऊ शकते, तर आधी शुक्राणू साठवून ठेवायचेत का. इथे आता ते 55 वर्षांपर्यंत साठवता येतात, 2022 ला कायदा बदलला. आई बाहेर कॉरिडॉरमध्ये उभी होती आणि मला सांगताना म्हणाली की तिला राग आला होता, पण बरंही वाटलं होतं.

आता आमच्याकडे काय झालं ते सांगते. भाचीच्या मानेत गाठ आली तेव्हा सांगलीतल्या एका डॉक्टरने टीबी म्हणून गोळ्या चालू केल्या. गाठ म्हटली की टीबी, हे आपल्याकडे किती जणांचं होतं ते कॅन्सरच्या कुठल्याही डॉक्टरला विचारा. त्यात बरेच महिने गेले. मग बायोप्सी, हॉजकिन लिम्फोमा म्हणजे लसिका ग्रंथींचा कॅन्सर, मुंबई. पहिल्या दिवशी तिथले डॉक्टर औषधांचे परिणाम, पाळी, पुढे मूलबाळ हे सगळं समजावून सांगायला लागले, तर भावोजींनी तिला खालून पाण्याची बाटली आणायला पाठवलं. 19 वर्षांच्या मुलीला! ती बाटली घेऊन येईपर्यंत तिच्या अंडाशयांबद्दलचं बोलणं संपलं होतं. हे तिनेच मला नंतर सांगितलं, हसत हसत, आणि मला तेव्हा भावोजींचा आला तेवढा राग नंतर कोणाचाच आला नाही.

आणि गंमत म्हणजे ग्रुपवर ज्याची सगळ्यांना कुजबुजत भीती आहे, "मूल होईल ना गं", त्याचं उत्तर त्या पाण्याच्या बाटलीच्या वेळेलाच मिळालेलं होतं. तिला एबीव्हीडी म्हणजे चार औषधांची केमो दिली, त्यातलं ते लालभडक औषध, अॅड्रियामायसिन, तिच्या अजून स्वप्नात येतं म्हणते, पण एबीव्हीडीवर बहुतेक तरुण मुलींची पाळी नीट परत येते आणि मुलंही होतात. मूल न होण्याची जास्त भीती दुसऱ्या, जास्त कडक औषधांना असते. ज्याची भीती नाही त्याची चर्चा, आणि ज्याची काळजी घ्यायला पाहिजे त्याबद्दल ग्रुपवर एक अक्षर नाही.

काळजी कशाची, तर अॅड्रियामायसिन हृदयावर परिणाम करू शकतं, कधी कधी कित्येक वर्षांनी. म्हणून दिवस राहिले की इको (हृदयाची सोनोग्राफी) करून घ्यायचा असतो आणि डॉक्टरला सांगायचं असतं. त्याच चारांतलं ब्लिओमायसिन फुफ्फुसांना त्रास देऊ शकतं, म्हणून उद्या सिझर करायची वेळ आली तर भूल देणाऱ्याला ते माहीत पाहिजे, तो ऑक्सिजन किती द्यायचा ते त्यावर ठरवतो. तिच्या छातीला रेडिएशन पण दिलंय, आणि एवढ्या लहान वयात छातीला रेडिएशन मिळालेल्या मुलींची स्तनांची तपासणी, एमआरआय वगैरे, रेडिएशननंतर आठ वर्षांनी दरवर्षी सुरू करायची असते, चाळिशीची वाट बघायची नसते. हिशोब करा. म्हणजे दोनेक वर्षांनी, लग्न होऊन सासरी नवी असताना, ही एमआरआयला जाणार. काय सांगून जाणार, मंगळागौरीला चाललेय?

आणि फाईल? ती दोन इंचांची निळी प्लास्टिकची फाईल, रबर लावलेली, सगळे रिपोर्ट, केमोचा चार्ट, किती डोस गेले त्याचा कागद, ही फाईल सासरी कुठल्या कपाटात ठेवणार दादा? का माहेरी ठेवणार आणि बाळंतपणाच्या कळा सुरू झाल्या की सांगलीहून कुरियर करणार? लपवायचं म्हणजे नुसतं सासूपासून लपत नाही. सासू सोबत येते त्या प्रत्येक डॉक्टरपासून ते लपतं.

फ्रान्समध्ये 2016 पासून असा नियम आहे की उपचार संपून ठराविक वर्षं झाली की कर्जाच्या विम्यासाठी कॅन्सर झाला होता हे सांगायचीच गरज नाही, 2022 ला ती मुदत सगळ्यांसाठी पाच वर्षांवर आणली. नंतर युरोपातल्या आणखी काही देशांनी तसेच कायदे केले. मी हे ग्रुपवर टाकलं तर दादा खूश, म्हणाला बघ, तुझे गोरे पण सांगत नाहीत. अरे, बँकेला सांगत नाहीत! बँकेच्या पोटी बाळ जन्माला येणार नसतं. ज्याला कळून त्या मुलीचं फक्त नुकसानच होणार त्याला सांगायचं नाही, आणि ज्याला कळल्याने तिचा जीव सांभाळला जाणार त्याला सांगायचं, एवढं सरळ आहे. आणि कोण कुठल्या यादीत ते ठरवायचं तिने. (आमच्या ब्रिटनमध्ये फ्रान्ससारखा कायदा नाही आणि ट्रॅव्हल इन्शुरन्सवाले अशा पोरांना अक्षरशः लुटतात, पण ते मी ग्रुपवर लिहिलं नाही, सगळंच कशाला सांगायचं.)

अजून एक. युवराज सिंगला 2011 चा वर्ल्ड कप जिंकून दिल्यावर छातीत ट्यूमर निघाला, 2012 मध्ये अमेरिकेत केमो झाली, टक्कल पडलेला फोटो देशभर फिरला, त्याच वर्षी तो परत इंडियाकडून खेळला, 2016 ला लग्न झालं, आता मुलंबाळं आहेत. आमचे काका त्याच्यासाठी रडले होते, खरंच रडले होते. तेव्हा कोणी म्हणालं का की आता याला मुलगी कोण देणार? त्याचा कॅन्सर म्हणजे झुंज, आणि भाचीचा म्हणजे ब्लाऊजच्या आत जाणारी खूण.

आता मला कोणी म्हणेल की इथलंच तेवढं चांगलं सांगतेस. तर नाही, इथलं रडगाणं पण आहे. ऑफिसातल्या त्या बाईच्या मुलाला जीपीने, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरने, आधी पॅरासिटामॉल आणि क्रीम देऊन घरी पाठवलं होतं, आणि हे काही त्याच्या एकट्याचं नाही, तरुण पोरांना कॅन्सरचं निदान व्हायच्या आधी जीपीकडे मोठ्या माणसांपेक्षा जास्त खेटे घालावे लागतात हे इथल्याच अभ्यासात आलेलं आहे. सांगलीत संध्याकाळी सोनोग्राफी हवी असेल तर संध्याकाळी होते. आणि आपल्याकडे काहीच नाही असंही नाही, टाटामध्ये उपचार संपलेल्या मुलांसाठी 1991 पासून वेगळं क्लिनिक आहे, आणि इंडियन कॅन्सर सोसायटीचा लहानपणी कॅन्सरमधून बऱ्या झालेल्या पोरांचा उगम नावाचा गट आहे, पोरं एकमेकांना नोकरीच्या, लग्नाच्या गोष्टी सांगतात. आमच्या घरातल्या कोणाला हे माहीतही नसेल, कारण कॅन्सर शब्द उच्चारला तर ना.

आणि एक गोष्ट इथे नाही ती नाहीच. भाचीची केमो चालू होती तेव्हा ताई आणि ती डोंबिवलीला चुलतभावाच्या वन बीएचकेत राहिल्या. सहा महिने काका गॅलरीत झोपले, पावसाळ्यात पण, ताडपत्री लावून. वहिनी, हीच वहिनी, अंगठेवाली, सांगलीहून महिन्यातून आठ दिवस येऊन सकाळी साडेपाचला उठून मऊ भात आणि मुगाचं कढण करायची, कारण पोरीचं तोंड आलेलं. माझ्या ऑफिसातल्या त्या बाईला सगळ्यांनी कार्ड दिलं, मी पण सही केली आणि एक फूल काढलं, आणि ती संध्याकाळी एकटी गाडी चालवत हॉस्पिटलला जायची आणि पार्किंगचे पैसे भरायची. तिच्याकडे डबा घेऊन कोणी गेलं नाही. मी पण नाही गेले. इथे असं जात नाहीत, असं मी स्वतःला सांगितलं.

आणि आता जे सांगायचं नव्हतं ते. हे काका गॅलरीत झोपलेले, वहिनीचं कढण, हे सगळं मी पाहिलेलं नाही. मला माहीतच नव्हतं. केमोच्या चार सायकल, म्हणजे चार फेऱ्या, होऊन गेल्या तरी मला कोणी सांगितलं नव्हतं. व्हिडिओ कॉल केला की भाचीचा कॅमेरा बिघडलेला असायचा, ताईकडे रेंज नसायची, आणि मी आपली बाळाचे फोटो पाठवतेय. दिवाळीच्या शुभेच्छा द्यायला डोंबिवलीला फोन केला तर मागून ताईचा आवाज आला, "अगं तिला म्हणावं गरमच पाणी दे". ताई डोंबिवलीत काय करतेय? मग सगळं बाहेर आलं. मी किंचाळले तर ताई म्हणाली, तू ओली बाळंतीण, तिकडे एकटी, तुला कशाला उगाच टेन्शन. प्रेमानेच केलं, मला मान्य आहे. पण दादाची यादी बघितली की कळतं, कोणाकोणाला सांगायचं नाही त्यात आधी स्थळाकडची माणसं नव्हती, आधी मी होते.

म्हणून मला एवढं लागतं, हे मला पण कळतंय. त्या चार अंगठ्यांचा अर्थ "तू चूक बोलतेस" असा नाहीये, "तू गॅलरीत झोपली नव्हतीस" असा आहे, आणि त्यावर माझ्याकडे उत्तर नाही. पण मग भाचीकडे तरी मताचा हक्क आहे ना? ती तर त्या कॉटवर झोपली होती.

शेवटी मी तिला वेगळा फोन केला. म्हणाली, मावशी, तू ग्रुपवर भांडू नकोस, आई मग माझ्यावर चिडते. मी विचारलं तुला काय वाटतं. ती म्हणाली मी मुलाला आधी एकटीने भेटणार आणि स्वतः सांगणार, फाईल नाही नेणार पण फाईल आहे हे सांगणार, आणि तो जर घरी विचारून सांगतो म्हणाला तर मग विषय संपला. ताईला हे पटलंय म्हणे, निम्मं. दादा रुसलाय. मी विचारलं भेटणार कधी, तर म्हणाली रविवारी, नाशिकचा आहे, कॅफेत.

ग्रुपवर यातलं काहीच नाहीये. तिथे आज सकाळपासून काकांचे गुड मॉर्निंगचे फोटो आणि दादाने टाकलेला हळदीच्या पाण्याचा व्हिडिओ आहे. त्याला मी अंगठा दिला नाही.